आंधळा मासा, ग्रेड बी

जुन्या कॉमिक्सचं आणि किश्श्यांचं सारखंच असतं. एक घरात आलं की मागोमाग दुसरं येतं, आणि काही वर्षांनी बायको विचारते, "हे सगळं ठेवायचं कुठे?" कॉमिक्स मी वाटून टाकली. किस्से कोणी नेत नाही, म्हणून सांगत बसतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बोईसर स्टेशनमागे मिश्राजींचं रद्दीचं दुकान होतं आणि रविवारी सकाळी तिथे आमचा अड्डा जमायचा. मी, पालघरचे राऊतकाका, मुरबे गावचा मोरेश्वर तांडेल, आणि आमचा न्यायाधीश चुरी. हा चुरी एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होता आणि तिथली खोड त्याने रद्दीतही आणली होती. कव्हर कोरं असेल तर ए ग्रेड. पेन्सिलीची खूण असेल तर बी. शाईची असेल तर सी. आणि कोणी राजकन्येला मिशा काढल्या असतील तर थेट रिजेक्ट.

एकदा अशीच मिशीवाली राजकन्या त्याने बाजूला फेकली. मिश्राजी चहा ओतता ओतता म्हणाले, "साहब, मूँछें तो आपकी भी हैं. आपको किसी ने रिजेक्ट किया?"

चुरी त्या दिवशी चहा न पिताच गेला.

*

कव्हरवर खुणा करायची ही सवय पालघरच्या लायब्ररीतून आली. तिथे पुस्तकं इतके जण न्यायचे, की आपण काय वाचलंय ते आठवायचं नाही. मग प्रत्येकाने कव्हरच्या कोपऱ्यात आपापली खूण करायची. राऊतकाकांचा त्रिकोण, माझा उलटं स्वस्तिक म्हणावं असा एक वेडावाकडा गोळा. तो मीच काढू जाणे, दुसऱ्याला जमायचा नाही.

एकदा वाणगावच्या बाजारात मला एक कॉमिक मिळालं. मी आयुष्यात कधी न पाहिलेलं. कोपऱ्यात माझा गोळा.

अड्ड्यावर दाखवलं तर सगळे हसले. राऊतकाका म्हणाले, "वाचलंयस रे, विसरलास. वय झालं."

"काका, शपथ घेऊन सांगतो, नाही वाचलेलं."

"बरं, मग शेवट काय होतो ते सांग बघू."

मी काहीतरी ठोकून दिलं. विहिरीत उतरलेला माणूस वर येतो, पण बायको त्याला ओळखत नाही. काकांनी शेवटचं पान उघडलं, वाचलं, आणि पुस्तक मिटून माझ्या हातात ठेवलं. त्यावर ते परत कधी बोलले नाहीत.

*

मोरेश्वरची खूण होती मासा. वडिलांच्या बोटीवर जायचा तो, आणि वाचायला बसला की आमच्यातला सगळ्यात वेडा तोच. पुस्तक हातात घेतलं की कॉपिंग पेन्सिलीने कव्हरवर मासा काढायचा, पण डोळा नाही. पूर्ण वाचून झालं की पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं करून डोळा द्यायचा. ही पेन्सिल कोरडी असते तोवर राखाडी. ओली झाली की जांभळी शाई, मग ती जन्मात निघत नाही.

चुरीचा जीव खालीवर व्हायचा. "अरे, आंधळा मासा पेन्सिल आहे, बी देतो. डोळा दिलास की शाई झाली, सी."

मोरेश्वर हसायचा. "मंग सी दे ना. मासा जिता झाला, तो नाय दिसत तुला?"

*

एका रविवारी त्याने अर्धंच वाचलेलं कॉमिक चुरीच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी बोट जायची होती. "बोटीवर भिजल. उरलेला आल्यावर वाचीन. कोणाला हात लावू नको देऊ."

वादळ आलं. बोट परत आली, बाकीचे परत आले, मोरेश्वर आला नाही.

बरेच दिवस गेल्यावर त्याची आई, हिराआय, मासळीची पाटी घेऊन दुकानात आली. चुरीने दुकानातल्या स्टीलच्या कपाटात जपून ठेवलेलं ते कॉमिक काढून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण लेकाच्या खुणा ती ओळखायची. बोटाने मासा चाचपून म्हणाली, "डोला नाय दिला. त्याचा वाचून नाय झाला. तो येल."

घरचे दिवसकार्य करायला निघाले होते, ते तिने थांबवलं. रोज त्याचं ताट मांडायची. नवरा गप्प झाला, धाकट्या मुलीचं ठरलेलं लग्न अडलं. दर रविवारी मासळी विकून झाली की ती यायची, आंधळा मासा बघायची आणि समाधानाने जायची. आम्हाला तिच्या तोंडाकडे बघवायचं नाही.

*

मध्येच मुंबईचा एक संग्राहक आला. त्याला नेमका तोच अंक हवा होता. "पेन्सिल आहे, रबराने जाईल. ए होईल हे," असं म्हणत त्याने खिशातून रबर काढलं.

चुरी कपाट लावायला वळला होता. तो ओरडेपर्यंत त्या माणसाने रबर माशावर एकदा फिरवलंही. मग थांबला. रबर बघितलं, बोटं एकमेकांवर चोळली, नाकाशी नेली. मासा होता तसाच होता.

"छत गळतंय का हो इथे?" त्याने विचारलं.

वैशाख होता. त्याने खिशातला रुमाल काढून हात पुसले आणि अंक न मागताच निघून गेला.

त्यानंतर चुरीने ते कॉमिक प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटपट्टीने बंद केलं, वर 'ग्रेड बी' अशी चिठ्ठी लावली. किल्ली जानव्याला. हिराआय आली की पिशवीतूनच दाखवायचा.

*

पुढच्या वर्षी नारळी पुनवेनंतरचा रविवार. हिराआय धाकट्या मुलीला घेऊन आली, पाटी उतरवली. चुरीने कपाट उघडून पिशवी काढली आणि तिथेच उभा राहिला.

"अहो, आणा की," राऊतकाका म्हणाले.

तो हलेना, म्हणून मीच पिशवी घेतली. चिकटपट्टी शाबूत होती. चिठ्ठी तीच. आत मासा, राखाडी, आणि त्याला डोळा. जांभळा.

चुरी आमच्या प्रत्येकाकडे बघत होता. "कोणी केलं? सांगा, मी रागावणार नाही." मिश्राजी हातातला तराजू खाली ठेवायचा विसरले होते.

हिराआयने पिशवी माझ्याकडून घेतली, दातांनी पट्टी तोडली आणि अंगठा त्या डोळ्यावर ठेवला. उचलला तेव्हा अंगठा जांभळा होता. शाई अजून ओली होती.

ती किती तरी वेळ अंगठ्याकडे बघत राहिली. मग तो पदराला न पुसता तिने पाटी डोक्यावर घेतली. सोबत आलेल्या मुलीला म्हणाली,

"चल. आज त्याचा ताट मांडू नको."