जैबुनच्या डोळ्यांसाठी बुलढाण्याला

दिवाळीच्या सुटीआधी रहीमभाई पिंजारी शाळेत आले. "मास्तर, पोरीचं नाव काढून टाका. तिच्या डोक्यात काही शिरत नाही. घरी कापूस तरी पिंजू लागीन."

जैबुन तिसरीत. पाढे तोंडपाठ, कविता तोंडपाठ, पण फळ्यावरचं उतरवायला सांगितलं की पाटी कोरी. वर्षभर मी तिला 'ढ' म्हणत आलो होतो. त्या दिवशी तिला फळ्याशी नेलं, अगदी नाक टेकेल इतकं जवळ. तिने सगळं घडाघडा वाचलं. माझीच मान खाली गेली.

मेहकरच्या ओळखीच्या कंपाउंडरकडून कळलं, की नागपूरचे डोळ्यांचे डॉक्टर सुटीत आठवडाभर बुलढाण्याच्या दवाखान्यात बसणार आहेत. "आधी दाखवू, मग नाव काढू," असं म्हणून मी रहीमभाईंना कसंबसं तयार केलं.

तुमच्याही शाळेत असं मूल असेल, म्हणून वाट सांगतो. आमच्या गावाहून मेहकर बैलगाडीने दोन तास. तिथून बुलढाण्याची मोटार, पण बाजाराचा दिवस टाळा, पाय ठेवायला जागा मिळत नाही. महायुद्धामुळे पेट्रोल नाही, मोटार कोळशाच्या गॅसवर चालते. चढ आला की उतारू खाली. आम्ही तीनदा उतरलो, त्यात दोनदा ढकललीही. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि बाया वेचणीला लागल्या होत्या.

चिखलीला मोटार अर्धा तास थांबते. भजी गरम मिळतात, पण भाकरी घरूनच न्यावी. रहीमभाईंनी फडक्यावर भाकर-ठेचा मांडला आणि मला बोलावलं. शेजारी बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "पोरीले काय झालं, भाऊ?"

"डोळे दाखवाले नेऊन राह्यलो. शाळेत दिसत नाही तिले."

"शाळेसाठी? पोरीले?"

रहीमभाईंनी भाकर खाली ठेवली. मोटारीत ते माझ्यापासून दूर, मागच्या बाकावर जाऊन बसले.

बुलढाणा पठारावर आहे. हवा गार, कांबळं बरोबर हवंच. आम्ही मशिदीजवळच्या मुसाफिरखान्यात उतरलो आणि सकाळी सातला दवाखान्याच्या रांगेत उभे राहिलो. म्हातारी माणसंच जास्त, लहान मूल एकटी जैबुन.

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांपुढे एकामागून एक काचा धरल्या आणि माझ्याकडे वळले. "चार हातांपलीकडचं हिला धूसर दिसतं. फळा हिने कधी वाचलाच नसेल." मग त्यांनी एक लाकडी पेटी उघडली. लोकांनी दान दिलेले जुने चष्मे होते. सहावा चष्मा तिच्या नंबराच्या जवळचा निघाला. मोठ्या माणसाचा होता, म्हणून डॉक्टरांनी त्याला मागून दोरी बांधायला घेतली.

रहीमभाई लांब भिंतीपाशी उभे होते, तिथूनच म्हणाले, "डॉक्टरसाब, राहू द्या. चष्मेवाल्या पोरीले बायको कोण करीन?"

डॉक्टरांचे हात थांबले. जैबुन एका हाताने चष्मा धरून बापाकडे बघत होती. भिंतीला टेकलेला बाप तिला इतक्या लांबून प्रथमच नीट दिसत होता.

"अब्बा," ती म्हणाली, "तुमच्या दाढीत कापूस हाये."

रहीमभाईंनी दाढीवरून हात फिरवला. बोटांना कापसाचे बारीक तंतू लागले. ते त्यांनी चिमटीत धरले. मग म्हणाले, "बांधा, डॉक्टरसाब. घट्ट बांधा."

परतताना तिने मैलाचा एकही दगड वाचल्याशिवाय सोडला नाही. मोटार ढकलायला उतरलो तर ही रस्त्याकडेला उभी राहून लांबच्या शेतात किती बाया वेचतात ते मोजत होती. चिखलीच्या एका हॉटेलाची पाटी तिने मोठ्याने वाचली आणि चार माणसं वळून बघू लागली. रहीमभाई म्हणाले, "माही पोरगी हाये. तिसरीत हाये." त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

जैबुन आता चौथीत आहे. पोरं सुरुवातीला चिडवायची. आता गणितं तिच्याकडूनच समजावून घेतात. वीस वर्षं शिकवतो आहे, पण इतका अभिमान मला कशाचाच वाटला नाही. लाजही तेवढीच वाटते.

रहीमभाई गाद्या पिंजायला गावोगाव फिरतात. आता ज्या अंगणात काम करतात, तिथल्या मुलांना आधी कुंपणापाशी उभं करतात आणि विचारतात, "माही बोटं किती, सांग बरं?" गेल्या सोमवारी शेजारच्या गावची दोन मुलं आईबापांसह माझ्या दारात उभी होती. पिंजाऱ्याने पाठवलं म्हणाली.