वांग्यावरचा आरोप

त्या वर्षांत आमच्या दैनिकाच्या अकोला आवृत्तीचं पहिलं पान रोजच जड असायचं. पडलेले कापसाचे भाव, दुबार पेरणी, गावोगावचे मृत्यू. निदान रविवारचं आरोग्याचं पान हलकं ठेवा, अशी संपादकांची सूचना होती. ते पान मी लावत असे.

एकदा आमवातावर एका डॉक्टरांचा लेख आला. त्यात एक वाक्य होतं : काही रुग्णांना वांगं कदाचित सोसत नाही, त्यांनी खाऊन पाहावं आणि मग ठरवावं. लेख चार ओळींनी जास्त होत होता. मी चार ओळी कापल्या. त्यात 'कदाचित' गेलं, 'खाऊन पाहावं' हेही गेलं. मथळा दिला, 'वांगी खाल, सांधे गमवाल'. कार्यालयात तो सगळ्यांना आवडला.

माझी मोठी बहीण अकोटला असते. तिला तेव्हा आमवात होऊन दोन वर्षं झाली होती. सकाळी तासभर बोटं मिटायची नाहीत. आजाऱ्याच्या विचारपुशीला येणारी बाई जाताना एखादं पथ्य ठेवून जाते, अशी आमच्याकडची रीत आहे. एकीनं दही बंद केलं, दुसरीनं लिंबू. तिसरीनं तुरीचं वरण वातूळ ठरवलं, चौथीनं आंबाडी आणि टमाटर नेलं. ताईनं कोणाचंच मन मोडलं नाही. शेवटी ताटात मुगाचं पाणी आणि भात उरला.

मार्गशीर्ष लागल्यावर मी अकोटला गेले. ताईचं पोलकं खांद्यावरून घसरत होतं. स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर माझा मथळा खळीनं चिकटवलेला होता.

"हे काहून लावलं?" मी विचारलं.

"तुया पेपरात आलं न. बाकीच्या बाया तोंडी सांगतात, तू तं छापून सांगितलं. चंपाषष्ठीलेही वांगं नाही खानार आता."

आमच्या घरात आषाढीपासून वांगं बंद असतं आणि चंपाषष्ठीच्या भरीत-रोडग्यानं सुटतं. त्या वर्षी ते सुटणार नव्हतं. त्याहून वाईट गोष्ट तिनं सहज सांगितली. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी तिनं महिन्याभरापासून थांबवली होती. एवढं कडक पथ्य असताना गोळी कशाला, हा तिचा हिशेब. दाराशी बसलेली तिची बारावीतली मुलगी बाटलीतलं काळं सरबत पीत ऐकत होती.

शेजारच्या खाला वांगी घेऊन आल्या होत्या. त्यांच्या मळ्यातली, बिनकाट्याची, तळहाताएवढी.

"अवं, त्या वांग्यानं काय केलं बिचाऱ्यानं?" त्या म्हणाल्या. "मुकदमा त चालवा. सीधा फासीच देऊन राहिल्या."

"लहान बहिणीनं शिक्षा देली, खाला. मी काय करू?"

"मंग तूच हिले दवाखान्यात ने," खाला मला म्हणाल्या. "गवाही डॉक्टर देईन."

दुसऱ्या दिवशी मी ताईला अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मुलगी बरोबर होती. त्यांनी आधी बोटं दाबून पाहिली, मग जेवणात काय असतं ते विचारलं. ताईनं ते एका वाक्यात सांगितलं. काय नसतं हे सांगायला मात्र तिला बराच वेळ लागला. त्यात माझा मथळाही आला. डॉक्टरीणबाई सगळं ऐकून म्हणाल्या, "हे पथ्य नाही, उपास आहे. गोळी आजपासून परत सुरू. रक्त तपासून मी मात्रा ठरवते. मनानं बंद करायची नाही."

"आन वांगं?"

"खा. दोन-तीन दिवस सांध्यांकडे लक्ष ठेवा. दर वेळी दुखणं वाढलं तर मला सांगा. नाही वाढलं तर वांग्याला निर्दोष सोडून द्या."

ताईनं मग मुलीकडे बोट केलं. "हिले होईन का?"

उत्तर मी वहीत उतरवून घेतलं. घरात एकीला असलं की दुसरीची शक्यता थोडी वाढते. होईलच असं नाही. बायकांमध्ये हा आजार जास्त दिसतो, आणि जेवणाचा त्यात थोडा हात असू शकतो. भाज्या, डाळी, ज्वारीसारखी अख्खी धान्यं, चालत असेल तर मासे अशा जेवणानं धोका कदाचित कमी होतो. साखरेच्या बाटल्यांनी कदाचित वाढतो. वजन फार वाढू देऊ नये, आणि तंबाखूपासून लांब राहावं.

"आणि तुम्ही पेपरवाल्या ना?" त्या मला म्हणाल्या. "यातलं 'कदाचित' कापू नका."

मी मान खाली घालून लिहीत राहिले. ताई पदरात हसत होती. परतीच्या एसटीत मुलगी म्हणाली, "म्हंजे आई, तुया ताटातलं सारं चांगलं होतं. बंद माही बाटलीच करा लागत होती."

"कर न मंग," ताई म्हणाली.

चंपाषष्ठीला दुपारी सगळे शेतात जमलो. रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत आणि खालांची वांगी कापसाच्या जुन्या पऱ्हाट्यांच्या जाळावर. सोलायचं काम ताईनं मागून घेतलं. गरम साल सोलताना बोटांना शेक मिळतो, हा शोध तिला तिथेच लागला. तिनं सगळ्यांच्या वाटची वांगी सोलली आणि कोणाला हात लावू दिला नाही. कांद्याची पात, मिरची, वरून कच्चं तेल. नैवेद्य झाल्यावर पहिला घास तिनं घेतला तेव्हा सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"पाहून काय राहिले?" ती म्हणाली. "जेवा."

तिनं दोनदा भरीत मागून घेतलं. खाला म्हणाल्या, "सुटला वं मुलजिम."

तीन दिवस मी तिथेच राहिले. सकाळी तिची बोटं नेहमीएवढीच आखडायची, जास्त नाही. चौथ्या दिवशी निघताना तिनं मला पिठाच्या डब्यासमोर बसवलं आणि कोरा कागद दिला.

"तुमच्या पेपरात चुकलं तं काय छापता?"

"खुलासा."

"लिही मंग."

मी बारीक अक्षरात लिहिलं : वांग्याबद्दल छापलेली माहिती अपुरी होती. ते कदाचित काहींना सोसत नाही. या घरात सोसलं. गोळी दर आठवड्याला घ्यावी.

ताईनं कागद लांब धरून वाचला.

"मथळा केवढा मोठा होता," ती म्हणाली, "आन खुलासा मुंगीएवढा. पुन्हा लिही."

मी मोठ्या अक्षरात पुन्हा लिहिला. तिनं खळ लावून तो मथळ्यावरच चिकटवला आणि मुठीनं दाबून बसवला. मूठ पुरती मिटली नव्हती. पण कागद बसला.