ओलिपाचा दादा

“या दोघींत मोठी कोण?” हा प्रश्न विनिपेगहून आलेल्या मार्जरीबाईंनी २०१२ च्या ऑगस्टमध्ये उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या आमच्या पांग गावच्या धक्क्यावर मला विचारला, आणि इतकी वर्षं या गावात काढूनही मला त्याचं उत्तर देता आलं नाही. समोर बोटीपाशी लीटिया दोर गुंडाळत होती. ती तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होती. तिची चौऱ्याहत्तर वर्षांची आई, ओलिपा, कुणीही न बोलावता बोचकं मांडीवर घेऊन बोटीत जाऊन बसली होती. वय डोळ्यांना दिसतच होतं. पण आई मुलीला म्हणत होती, “दादा, तू कबूल केलं होतंस, आता पाठ फिरवू नकोस,” आणि मुलगी आईला म्हणत होती, “धाकटे, गुमान खाली उतर.” हे संभाषण मी बाईंना जसंच्या तसं सांगितलं, आणि प्रश्न त्यातूनच उगवला.

ओलिपाचा थोरला भाऊ साकियासी १९६६ च्या वसंतात तापाने गेला. त्याच वर्षी, पहिलं बर्फ पडायच्या सुमारास, ओलिपाला मुलगी झाली. पाद्र्याने तिला लीटिया म्हटलं; घराने साकियासी म्हटलं. आमच्याकडे नाव दिलं की त्या नावाचं माणूस परत येतं, आणि त्याची नातीही त्याच्यासोबत परत येतात. त्यामुळे लीटियाला लहानपणी कधी कुणी रागे भरलं नाही. थोरल्या भावाला रागे भरायची ओलिपाची प्राज्ञा नव्हती. पोरीने पहिला मासा धरला तेव्हा ओलिपा घरोघर सांगत फिरली, की दादाचा हात अजून तसाच आहे. लीटिया मोठी झाली, काही वर्षं मासळीच्या कारखान्यात राबली, मग डोंगरातली खिंड पायाखाली घालून वाटाडी झाली. दर उन्हाळ्यात ती दक्षिणेकडच्या माणसांना खाडीच्या टोकापर्यंत बोटीने आणि तिथून पुढे पायी, हिमनद्यांच्या मधून, पलीकडच्या किनाऱ्याला नेऊ लागली. “आज पोचू का?” असं कुणी विचारलं, तर तिचं एकच उत्तर असे: “बघू.” या एका शब्दावर चिडून गेलेली माणसं पुढच्या वर्षी आपल्या भावंडांना घेऊन परत येत.

आता कबूल काय केलं होतं, तर तळं. ओलिपा सात वर्षांची असताना साकियासी कुत्र्यांची गाडी घेऊन खिंडीतून पलीकडे जाऊन आला, आणि त्याने वरच्या तळ्याचं असं काही वर्णन केलं की पोरीने जेवण सोडलं. “पाणी उतरू दे, तुला नेईन,” तो म्हणाला. मग तंबू मोडून सगळे गावात राहायला आले, लग्नं झाली, ताप आला. वचन राहून गेलं. ते नावाबरोबर लीटियाकडे आलं, हे लीटियाला ठाऊक होतं. ओलिपालाही ठाऊक होतं. मग इतकी वर्षं अडलं कुठे, याचा उलगडा त्या सकाळी धक्क्यावर झाला.

“तळं जोआवीने दाखवलंय की तुला,” लीटिया म्हणाली. “मागेच.”

इंजिनावर वाकलेला बोटवाला जोआवी ताठ झाला. “मी? मला वाटलं तू नेलंस. दर वर्षी जातेस तू.”

जोआवी लीटियापेक्षा काही महिन्यांनी मोठा, आणि नाव त्यालाही साकियासीचंच. मेलेल्या माणसाचं नाव एकाहून अधिक बाळांना देता येतं, आणि सगळी बाळं तोच माणूस असतात. म्हणून जोआवीही ओलिपाचा दादाच. आपापसात ते एकमेकांना ‘अर्ध्या’ आणि ‘अर्धे’ म्हणत.

“अर्ध्या, बर्फावरच्या गाडीवरून नेतो असं तू म्हणाला होतास.”

“म्हणालो होतो. मग गुडघा गेला. म्हटलं, उरलेला अर्धा आहे ना.”

“आणि मी म्हटलं, तू नेऊन आणलंस.”

“दादा एकच असता तर मी केव्हाच जाऊन आले असते,” ओलिपा बोचकं घट्ट धरत म्हणाली. “दोन झाले म्हणून घरी बसले.” दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं हे झालं होतं, फक्त इथे पाहुणी निमूट उपाशी बसायला तयार नव्हती. तिने खालच्या आवाजात भर घातली, “पुढच्या उन्हाळ्यात हे पाय माझं ऐकणार नाहीत. यंदा ऐकताहेत.”

वचन पाळायचं तर ते याच फेरीत पाळायला हवं होतं, आणि ही फेरी मार्जरीबाई व त्यांचे यजमान वॉरन यांची होती. लीटियाने त्यांना लपवाछपवी न करता सांगितलं: म्हातारी आली तर चाल मंदावेल, आणि वाटेतला मोठा ओढा तिला ओलांडता आला नाही तर पलीकडच्या किनाऱ्याचा नाद सगळ्यांनाच सोडावा लागेल. वॉरनना तो किनाराच पाहायचा होता; घरच्या भिंतीवर त्याचा नकाशा होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती आधीच ओलिपाच्या बाजूला सरकून बसली होती.

“आणि तूही येणार,” लीटिया जोआवीला म्हणाली. “बोट तुझा जावई परत नेईल. वचन दोघांचं.”

“बोटवाल्याला चालायला लावणं पाप आहे.”

“गुडघ्याला सांग, साकियासी आलाय म्हणून.”

पुढचं मला पाचही जणांनी पाच तऱ्हांनी सांगितलेलं आहे. ज्यावर सर्वांचं एकमत झालं तेवढंच इथे लिहितो. ओलिपा हळू चालली, पण कुरकुर केली ती जोआवीने. वाळूत पाय रुततो, दगडांवर घसरतो, वारा तोंडावर येतो. ओलिपा वाटेत वाकून काळी बोरं वेचत मुक्कामावर सर्वांत शेवटी पोचे, आणि ओंजळ पुढे करून विचारी, “माझा दमलेला दादा कुठाय?”

ओढ्यापाशी आले ते दुपारी, तेव्हा पाणी राखाडी आणि फुगलेलं होतं. हिमनदीचं पाणी पहाटे उतरतं, म्हणून तंबू टाकले. पण रात्रभर वर कोमट पाऊस झाला, आणि सकाळी पाणी आणखी चढलेलं. आत गडगडणारे दगड ऐकू येत होते. लीटियाने काठी घालून पाहिलं, स्वतः मांडीपर्यंत उतरली, परत आली आणि नाक मुरडलं. आमच्याकडे एवढं केलं की ‘नाही’ झालं.

ओलिपाने ते पाहिलं आणि बूट काढायला सुरुवात केली.

“आई, नको.”

ओलिपाने दुसरा बूट काढला.

“धाकटे, बस.”

ओलिपा बसली. मुलीचं तिने एरवीही फारसं ऐकलं नव्हतं. भावाचं ऐकायची मात्र तिला सवय होती. तिने काढलेले बूट मांडीवर घेतले. मग म्हणाली, “तेव्हाही असंच म्हणाला होतास. पाणी उतरू दे म्हणालास, आणि मग तूच गेलास.”

लीटिया वॉरनकडे गेली आणि म्हणाली, की आपण इथे थांबणार आहोत, पाणी उतरेपर्यंत. त्यात दिवस जातील आणि तुमचा किनारा हुकेल. परत फिरायचं असलं तर आत्ता सांगा. वॉरन पाठ वळवून डोंगराकडे बघू लागले. मग त्यांनी विचारलं, “तळं तरी चांगलं आहे का?”

“बघू,” लीटिया म्हणाली.

मग ती आईशेजारी येऊन टेकली. “या वेळी मी कुठेही जाणार नाहीये. इथेच बसणार तुझ्याजवळ.”

“आणि मला कुणी विचारलं तर,” जोआवी तव्यावर जाड भाकरी उलटत म्हणाला, “मीही बसायला तयार आहे. केव्हाचा तयार आहे.”

बसले. वारा फिरून हिमनदीवरून येऊ लागला, थंडी पडली, आणि त्यानंतरच्या पहाटे ओढा निम्मा झाला. लीटिया वरच्या अंगाला, जोआवी खालच्या, मध्ये ओलिपा, आणि मागे एकमेकांचे पट्टे धरून नवराबायको, अशी रांग पाण्यात उतरली. मध्यावर ओलिपाचे पाय सुटले. दोन्ही दादांनी तिला काखेतून उचललं, आणि ती पाय हवेत ठेवून पलीकडे पोचली. पाय टेकायला तयारच नव्हती, असं जोआवीचं म्हणणं आहे.

तळ्याच्या काठी ओलिपा उभी राहिली. मग म्हणाली, “एवढंच?”

तिने बोट पलीकडच्या काठाकडे रोखलं.

“पलीकडचा काठ दिसत नाही, म्हणाला होतास. हा काय दिसतोय.”

“हिवाळ्यात आला होता तो,” जोआवी म्हणाला. “वाऱ्याने बर्फ उडत असतं. स्वतःचे पाय दिसत नाहीत माणसाला.”

“तू सात वर्षांची होतीस,” लीटिया म्हणाली. “लहान तळं सांगितलं असतं तर ऐकून घेतलं नसतंस.”

ओलिपाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि ती हसू लागली. इतकी की मार्जरीबाईंनी तिला धरून दगडावर बसवलं. सुकवलेला मासा काढून तिने पाच वाटे केले. वॉरनना मोठा दिला. परतीचं बोलणं निघालं तेव्हा म्हणाली, “बोटीत पुढे मी बसणार. तेही कबूल केलं होतंस.”

“हे कधी?” जोआवीने विचारलं.

“तुला कसं आठवेल. तू अर्धाच आहेस.”

ओलिपा २०१६ च्या मार्चमध्ये वारली. त्याआधी, २०१३ आणि २०१४ च्या उन्हाळ्यांत, ती लीटियाबरोबर आणखी दोनदा तळ्यावर जाऊन आली. दोन्ही वेळा जोआवी धक्क्यावरून घरी गेला.