बाबांनी नाकाने निवडलेली वाईन

मंडळी, आज दुपारी नागावच्या आमच्या वाडीत चक्क वाईनची परीक्षा झाली!

धाकट्या बहिणीचं, मनूचं, रिसेप्शन पुढच्या आठवड्यात. जेवणात तळलेली सुरमई आणि पोपटी, म्हणजे मडक्यात पाल्यात भाजलेलं चिकन आणि वालाच्या शेंगा. सोबत वाईन हवीच, हा मनूचा हट्ट. बाबा निवृत्त मास्तर, आयुष्यात थेंब न घेतलेले. आठ दिवस तिच्याशी धड बोलत नव्हते.

वाईनवाल्या बाईंनी पाच बाटल्या मांडल्या, शेजारी आम्ही तळलेली सुरमई आणि सोलकढी ठेवली. म्हणाल्या, प्रत्येक घोटानंतर पावाचा तुकडा खा, म्हणजे आधीची चव जाते. पण आम्ही पडलो कोकणातले! सुरमईचा घास घेतला की हात आपोआप सोलकढीकडे. मी, मनू, दोन्ही काका, सगळ्यांनी तेच केलं. पाचही वाईन आम्हाला सारख्याच आंबट लागल्या.

बाई हताश. तेवढ्यात बाबा झोपाळ्यावरून उठले. "आणा इकडे. पिणार नाय हां, नुसता वास घेतो."

पाचही ग्लास हुंगून त्यांनी दोन पुढे सरकवले. "ही सुरमईला. आणि ही पोपटीला, हिला धुराचा वास आहे."

बाई हसल्या. "काका, मीही ह्याच दोन सांगणार होते!"

मनू बाबांच्या गळ्यातच पडली. बाबा म्हणाले, "एक अट. सोलकढीपण ह्याच उंच ग्लासांत द्यायची. न पिणाऱ्याला कोपऱ्यात बसवल्यासारखं वाटायला नको."

खरं सांगा, तुमच्याकडच्या लग्नात हा विचार कोणी केला होता का?