चोवीसपैकी बावीस

दोन हजार बारा साल. माझं वय बावन्न. मी सौदीला निघालो तेव्हा दाभोळच्या धक्क्यावर माझी बायको जैनब डोळे न पुसता उभी होती. "फोन केला तर उचला हो," एवढंच म्हणाली. मी उचलत आलो. कोणाच्या बापाचं ऐकलं नाही.

इथे जिझानला मी कफिलाची, म्हणजे मला व्हिसा देणाऱ्या मालकाची, मासळीची गाडी हाकतो. बंदरात सुरमई उतरली की वास आपल्या खाडीचाच येतो. बर्फ भरून निघालो की जैनबचा फोन येणारच. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात ती.

इकडे आलेल्यांना हे ठाऊक आहे, गावी राहिलेल्यांसाठी लिहितो. फोन हातात घेऊन गाडी चालवताना कॅमेऱ्यात दिसलात की लायसनवर दोन पॉइंट चढतात. चोवीस भरले की लायसन तीन महिने बंद. अख्खं वर्ष चुकीशिवाय काढलं तर पाटी कोरी होते. माझं वर्ष काही तसं जाईना.

वाहतूक पोलिसांचा पॉइंटचा मेसेज आला, मी मोठ्यानं वाचला, तेव्हा ती फोनवरच होती.

"कसले पॉइंट?"

"बावीस झाले."

"कितीपैकी?"

"चोवीस."

"या अल्ला! चौथी नापास माणूस, आणि बावीस!"

जन्मात माझं असं कौतुक कोणी केलं नव्हतं. मी खरं सांगितलं नाही, मिरवून घेतलं. महिनाभरात सगळ्या मोहल्ल्याला कळलं. एका शुक्रवारी खोलीवरून बोलत होतो तर म्हणते, "उरलेल्या दोनासाठी रोज दुवा मागते."

तेव्हा मात्र मी हबकलो.

"अगं, ते गुण नाहीत, गुन्हे आहेत. गाडी चालवताना तुझा फोन उचलला त्याचे."



"मंग इतके दिवस फुशारकी कसली मारलीत?" आणि जरा थांबून, "ते दोन पण झाले तर?"

"लायसन जाईल. कफील म्हणेल, खलास, घरी जा."

"मंग याल घरी?"

इतक्या खुशीत विचारलंन. मग तीच म्हणाली, "नको. असे हाकललेले नको. तुम्हाला सोसायचं नाही."

इतकी वर्षं मी घर म्हणजे कौलं आणि खाडी समजत होतो. माझी मान खाली जाऊ नये म्हणून स्वतःची खुशी गिळणारी ती बाई, तेच माझं घर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला नाही. मी पेट्रोल पंपाच्या सावलीत गाडी लावली, इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली आणि मीच तिला फोन लावला. मागे बर्फ वितळत होता. म्हटलं, वितळू दे.