लडकूचा दर

कामतघरला अण्णाशेठच्या कारखान्यात कापड विणायचे सोळा लूम होते आणि त्यातल्या प्रत्येकाची खोड एकट्या लडकू विणकराला ठाऊक. अंजूरच्या शेतकऱ्याचा मुलगा, शाळा चौथीपर्यंत. पण लूमचा आवाज जरा बदलला की हा पाठमोरा उभा राहून सांगायचा, "पाच नंबरचा धोटा अडकनार." आणि अडकायचाच!

चौऱ्याहत्तर साली जुना जॉबर काम सोडून गेला. बिघडलेला लूम दुरुस्त करायचा तो जॉबर. पगार विणकराच्या दुप्पट. कारखान्यानं लडकूला मनातल्या मनात जॉबर करूनही टाकलं होतं. त्याची बायको मैना तर घरावर नवी कौलं घालायला निघाली होती. अण्णाशेठनी जागा दिली दुसऱ्याच एका विणकराला, केसरीनाथला.

लडकू तडक शेठसमोर उभा राहिला. "माज्यात काय कमी हाय?"

"डोकं आहे रे तुला," शेठ म्हणाले, "पण स्वभाव तिखट. पंखा मागतोस, चार लोकांत उलट बोलतोस. केसरीनाथ बघ, कसा गरीब गाय!"

घ्या! म्हणजे डोक्याला भाव नाही, भाव मुकाट बसण्याला. आणि लूम बंद पडला की तीच गरीब गाय लडकूला शोधत यायची.

घरी मैना वैतागली. "शेठशी गोड बोलायला काय पैसं पडतात?"

"मना पडतात," लडकू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी केसरीनाथ बोलवायला आला, तेव्हा लडकू जागचा हलला नाही. शेठ तणतणले, लडकूनं काम सोडलं. उसनवारी करून पाना-पक्कड घेतली आणि दारोदार लूम दुरुस्त करत फिरू लागला. पहिले दोन महिने भाताबरोबर मैनाच्या शिव्याच खाल्ल्या. मग नाव झालं. एका लूमचे दहा रुपये, आणि पंखा आधी लावायचा.

वर्षभरानं अण्णाशेठचा एक लूम असा बसला की केसरीनाथनं हात टेकले. माल त्याच दिवशी द्यायचा होता. निरोप गेला, लडकू आला, अर्ध्या तासात लूम धडधडू लागला. शेठनी दहाची नोट पुढे केली.

"वीस," लडकू म्हणाला.

"बाकीच्यांकडून दहाच घेतोस ना?"

"व्हय. पन त्यांनी मना फकस्त लूम दाखवला. माजा स्वभाव तुमीच तपासलात, शेठ. त्याचं दहा येगळं."

शेठनी मुकाट्यानं दुसरी नोट काढली.