तीन नंबरची ऑफर

अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या मराठी घरांत वसुधाचा विषय निघाला की लोक आधी म्हणतात, "घरं छान दाखवते," आणि मग आवाज खाली आणून, "पण जरा शिष्ट आहे." हे वसुधाच्याही कानावर आलेलं आहे. अकरा वर्षं ती घरं विकण्याच्या धंद्यात आहे, त्याआधी सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची, आणि मूळची नागपूरची, त्यामुळे बोलायला एकदम मोकळी. शिष्टपणा चिकटला तो एका प्रश्नामुळे. गिऱ्हाईक गाडीत बसतं, सीटबेल्ट लावतं आणि विचारतं, "ताई, इथे आपली माणसं किती आहेत?"

उत्तर तिला तोंडपाठ आहे. कुठल्या रस्त्यावर किती देसी, कुणाच्या दारात तुळस, सगळं. पण ते सांगायची सोय नाही. धर्म, वंश, मूळ देश बघून माणसाला या वस्तीत न्यायचं आणि त्या वस्तीपासून लांब ठेवायचं, हे एजंटाला कायद्याने करता येत नाही. आपुलकीने केलं तरी नाही. मग ती म्हणते, "जनगणनेचे आकडे वेबसाइटवर आहेत, बघून घ्या." समोरच्याचं तोंड उतरतं. एवढी साधी मदत करत नाही म्हणजे काय, असं त्याला वाटतं, आणि ती कुणाकुणाला समजावत बसणार?

तिलाही हे उशिराच समजलं. दोन हजार चारमध्ये ती नवऱ्याबरोबर रेडमंडला आली, तेव्हा एका प्रेमळ एजंटबाईने त्यांना घरं दाखवली, सगळी एकाच भागातली. "तुम्हाला तुमच्या लोकांत बरं वाटेल," असं वर म्हणाली. वसुधाने त्या बाईला घरी केलेल्या बेसनलाडवांचा डबा नेऊन दिला. दहा वर्षांनी लायसन्सच्या क्लासमध्ये नेमकं हेच उदाहरण, काय करू नये म्हणून, पडद्यावर आलं. बाकीचं शहर आपल्याला कुणी दाखवलंच नाही आणि आपण वर लाडू दिले, याची चीड तिला अजून येते. त्या बाईपेक्षा स्वतःचीच जास्त.

गेल्या वर्षी गुरुदत्तकाकांनी घर विकायला काढलं. काका निवृत्त इंजिनिअर, ऐंशीला टेकलेले. शैलाकाकूंचे गुडघे जिने चढू देईनात, म्हणून दोघं अर्विंगला मुलीकडे, नैनाकडे, राहायला निघाले होते. तिथल्या मराठी मंडळात काकांच्या शब्दाला मान. त्यांचं घर हातात आलं म्हणजे पुढची दहा आली, आणि त्यांचं मन दुखावलं तर ती दहाही गेली, हे वसुधाला पक्कं ठाऊक होतं.

पहिली कुरबुर जाहिरातीवरून झाली. काकांनी मजकूर स्वतःच लिहून आणला होता: प्रशस्त देवघर, भारतीय कुटुंबासाठी उत्तम. वसुधाने दुसरा तुकडा खोडला.

"अगं, मग देवघर काय हवेसाठी आहे?" काकांनी विचारलं.

"काका, घर कसं आहे ते लिहायचं. त्यात कुणी राहावं ते नाही."

"कमाल आहे तुझी," काका म्हणाले, पण मान्य केलं.

चार ऑफर आल्या. वसुधाने नेहमीप्रमाणे एक तक्ता केला. नावं नाहीत, नुसते नंबर. किंमत, कर्जाची तयारी, अटी, तारखा. तीन नंबरची ऑफर सगळ्यांत वरचढ होती. एकही अट नव्हती, शिवाय काका-काकूंना दिवाळीपर्यंत घरात राहायची मुभा होती. तक्ता जेवणाच्या टेबलावर ठेवून ती निश्चिंत बसली, आणि काकांनी शर्टाच्या खिशातून एक पाकीट काढलं.

पाकीट सुमंत आणि सावनीचं होतं, मंडळातल्याच एका तरुण जोडप्याचं. विकत घेणाऱ्यांची पत्रं स्वीकारली जाणार नाहीत, असं वसुधाने जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं. असल्या पत्रांत माणूस आपला धर्म, आपली मुलंबाळं, आपला गाव सांगतो, आणि मालक घराऐवजी माणूस निवडतो. म्हणून शहाणा एजंट ती हातात घेत नाही. पण हे दोघं काकांच्या गणपतीच्या दर्शनाला आले आणि तबकात नारळाशेजारी पाकीट ठेवून गेले. पत्रात लिहिलं होतं, 'तुमच्या बाप्पाची जागा आम्ही तशीच ठेवू. आमची रुही तुमच्या अंगणात मोठी होईल.' खाली तिघांचा मोदक वळतानाचा फोटो.

"काका, हे तुम्ही वाचायला नको होतं," वसुधा म्हणाली.

"दोन नंबर त्यांचा ना? आकडा पत्रातच आहे. त्यांनाच देऊ."

"का?"

"आपली माणसं आहेत."

"हे कारण चालत नाही, काका. किंमत, अटी, तारखा, यातलं काहीतरी लागतं. आणि त्यात तीन नंबर पुढे आहे."

"तीन नंबर कोण तेही मला कळलंय." काकांनी फोन तिच्यासमोर धरला. दाराच्या बेलवरचा कॅमेरा. डोक्याला हिजाब बांधलेली एक बाई आणि तिचा नवरा हातात मोजपट्टी घेऊन दारात उभे होते. "दोनदा येऊन गेले. आम्हाला दिवाळीपर्यंत राहू द्यायचं दारातच बोलत होते. हेच ना?"

वसुधाने फोन हाताने बाजूला सारला. हो म्हणायची सोय नव्हती, नाही म्हणायचीही नव्हती. नावं झाकली, पत्रं अडवली आणि कॅमेरा बंद करायला मात्र विसरले, या विचाराने तिचं डोकं उठलं.

"मी काही वाईट बोलतोय का?" काका म्हणाले. "त्यांना दुसरं मिळेल. शहर मोठं आहे."

"तुम्ही असंच ठरवलंत तर मला हे काम आजच सोडावं लागेल. तुमच्यावर दावा होईल आणि माझं लायसन्स जाईल."

"मला लायसन्स सांगतेस? तुला मुलीसारखी मानली मी."

वसुधाला रडू येईल इतका राग आला. इतक्या वर्षांत हे सगळं तिने शंभरदा समजावलं होतं, गोड बोलून, कागद दाखवून, आणि दर वेळी ती तिथेच येऊन थांबत होती. तिने तक्ता उचलून पिशवीत घातला.

"ठेव तो खाली," काकू म्हणाल्या. इतका वेळ त्या टेबलाच्या टोकाला गवार मोडत बसल्या होत्या. "अहो, क्लीव्हलंडचं आठवतंय? शहात्तर साल. तुम्ही जागेची चौकशी करायला वर गेलात. मी गाडीत होते, नैना पोटात. त्या मालकीणबाईने खिडकीतून माझी साडी बघितली, कुंकू बघितलं, आणि तुम्हाला सांगितलं की जागा आत्ताच गेली."

"शैला, ते वेगळं होतं."

"भाड्याची पाटी पुढे महिनाभर तिथेच होती. मी बसमधून रोज बघायची. ती बाईसुद्धा हेच म्हणाली होती, शहर मोठं आहे."

घर दोघांच्या नावावर होतं. काकूंनी हात पुसले आणि वसुधाकडून तीन नंबरचे कागद मागून घेऊन जिथे जिथे खूण होती तिथे सह्या केल्या. मग पेन नवऱ्यापुढे ठेवून त्या पुन्हा गवार मोडायला लागल्या. काकांनी सही करायला बराच वेळ घेतला. वसुधा निघाली तेव्हा ते तिला सोडायला दारापर्यंत आले नाहीत.

काम झालं होतं, पण गाडीत बसल्यावर वसुधाला बरं वाटेना. लायसन्स वाचलं, घर योग्य माणसाला गेलं, तरी छातीत राग तसाच होता. घर देताना असा भेद करायचा नाही, हा कायदा अडुसष्ट सालचा, परीक्षेसाठी तिने ते साल पाठ केलं होतं. म्हणजे काकू गाडीत बसून खिडकीकडे बघत होत्या तेव्हा कायदा आठ वर्षांचा होता, आणि त्या दिवशी तो त्या मालकीणबाईला अडवायला वर गेला नव्हता.